मोतीबाईची हळद

आमच्या रंगखान्यात दर गुरुवारी पाहुणे येत, म्हणून दर गुरुवारी सकाळी मी एक पांढरा रुमाल इस्त्री करत असे. नेमणुकीच्या पत्रात माझा हुद्दा कारकून असा होता. पण पत्र लिहिताना चूक झाली तर मालक दोन शब्द बोलून सोडून देत आणि रुमालाला चुणी राहिली तर दिवसभर अबोला धरत. त्यावरून माझं खरं काम कोणतं, ते मी ओळखलं होतं.

मालक म्हणजे शरदचंद्र गुप्ते, बी. एस्सी. कल्याण कॅम्पाचं उल्हासनगर झालं त्याच साली, म्हणजे एकोणपन्नास साली, ते गिरगावातून अंबरनाथला आले आणि वालधुनीच्या काठावर पत्र्याची शेड घालून सुताच्या लडी रंगवू लागले. माल उचलायला कॅम्पातले सिंधी व्यापारी होते, राबायला आसपासच्या पाड्यांतल्या आगरी बाया होत्या आणि नदीचं पाणी फुकट होतं. एवढ्यावर कुणीही कारखाना चालवला असता. गुप्तेसाहेबांना आदर्श कारखाना चालवायचा होता.

शेडच्या दारावर 'कामगार हेच माझे कुटुंब' अशी पाटी होती. या कुटुंबात चौदा बाया होत्या आणि त्यातल्या चौघींची नावंसुद्धा कुटुंबप्रमुखाला धड येत नव्हती. पाळणाघर होतं, त्यात एक पाळणा होता, पाळण्यावर कापडी चिमण्या होत्या. मूल मात्र फक्त गुरुवारी असे आणि कुणाचं तान्हं हाताशी नसलं तर ते पाड्यातून मागून आणावं लागे. तेही काम माझ्याचकडे. सोड्यात उकळलेल्या लडी धुऊन धुऊन बायांच्या हातांना भेगा पडत, त्यासाठी साहेबांनी खोबरेल तेलाची बाटली ठेवली होती आणि बाटलीवर 'प्रेमपूर्वक' अशी चिठ्ठी माझ्याकडून लिहून घेऊन चिकटवली होती. सोडा जरा कमी वापरता येईल का, हे मात्र कधी कुणी विचारलं नाही.

पण साहेबांचा खरा अभिमान होता तो त्यांच्या तीन हौदांचा. आजूबाजूचे रंगखाने आपलं लालनिळं पाणी सरळ नदीत सोडत. आमचं पाणी पहिल्या हौदात साठे, दुसऱ्यात त्यात चुना घालत, तिसऱ्यात गाळ खाली बसे आणि वरचं नितळ पाणी चरातून वालधुनीत जाई. पाहुणे तिसऱ्या हौदाशी आले की साहेब हात पुढे करत, मी रुमाल देई, साहेब तो हौदात बुडवून पिळत आणि झेंड्यासारखा उलगडून दाखवत. रुमाल पांढराशुभ्र. "मी सूत रंगवतो, नदी रंगवत नाही," हे वाक्य मग येई. टाळ्या पडत. त्यानंतर चहा आणि बटाट्याच्या काचऱ्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. साहेब लबाड नव्हते. लबाड माणसाला आपण काय करतोय ते निदान ठाऊक असतं. गुप्तेसाहेबांचा स्वतःच्या रुमालावर मनापासून विश्वास होता. पाणी पांढरं म्हणजे पाणी चोख, इतकं सोपं रसायनशास्त्र शिकून ते बी. एस्सी. झाले होते. चुन्यानं रंग खाली बसतो, पण चुना आणि सोडा पाण्यातच राहतो, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. सोड्याच्या गोण्या मोजून घेणारा मी, माझ्याही डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. पण कारकुनाच्या डोक्यात आलेलं तिथंच ठेवायचं असतं, अशी माझी समजूत होती.

त्या चौदा बायांतली एक मोतीबाई. कारखान्याच्या खालच्या अंगाला नदीला एक डोह होता, त्या डोहाकाठच्या पाड्यावर ती राहायची. नवरा दगडाच्या खाणीत सुरुंगानं गेला तेव्हा पोर दोन वर्षांची होती. शेड उभी राहिली त्या दिवसापासून ती लडी धुण्याच्या कामावर होती. उंच, हाडापेरानं मजबूत आणि जिभेनं त्याहून मजबूत. तेलाची बाटली ठेवली त्या दिवशी तिनं चिठ्ठीकडे बोट करून मला विचारलं, "भाऊ, काय लिवलंय यो?" मी म्हटलं, "प्रेमपूर्वक." ती म्हणाली, "जल्लं ते प्रेम. सोड्यान हात घालाचा आमी, न प्रेम बाटलीन ठेवाचा."

जगात कुणावर तिचा विश्वास नव्हता. मुकादमावर नाही, दुकानदारावर नाही, माझ्यावर तर नाहीच. पण त्या रुमालावर होता. दर गुरुवारी तिनं तो आपल्या डोळ्यांनी पांढरा निघताना पाहिला होता. दुसऱ्या रंगखान्यांच्या बाया आपल्या पाड्यावरचं तांबडं पाणी दाखवून रडत, तेव्हा ती म्हणायची, "आमचा मालक याडा हाय, पन पानी चोख सोरतो." डोहातले मासे कमी झाले तेव्हा लोक म्हणाले, उन्हाळा कडक आहे. पाड्यातल्या पोरांच्या मांड्यांना खरूज उठली तेव्हा म्हणाले, गरमी आहे. मोतीबाईही तेच म्हणाली.

चोपन्न सालच्या वैशाखात तिच्या मुलीचं, वेणूचं लग्न ठरलं. मुलगा बदलापूरजवळच्या चामटोलीचा. त्याचा बाप बुधाजी, चार बिघे भात पिकवणारा, थोडकं बोलणारा माणूस. मुलाला आई नव्हती, सगळं बघायला बुधाजीची थोरली बहीण होती, गोदू आत्या. ती थोडकं बोलणारी नव्हती.

लग्न गुरुवारी संध्याकाळचं, हळद बुधवारी तिसऱ्या प्रहरी. साहेबांनी वेणूला एक पातळ दिलं आणि ते पोहोचवायला मला पाठवलं, म्हणून मी तिथं होतो. मांडवाला आंब्याचे टहाळे, मेढीला, म्हणजे मांडवाच्या खांबाला, लिंबू-मिरची, मधे पाटावर वेणू. चामटोलीहून गोदू आत्या आणि चार बाया नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आल्या होत्या. धवलारीण धवले, लग्नाची गाणी, म्हणत होती. सगळ्या सवाष्णी पाटाभोवती, आणि पोरीची आई कुठं? तर मांडवाच्या कडेला, मेढीपाशी, हात पदराखाली धरून उभी. एकटीनं पोर वाढवावी, तिच्या लग्नासाठी हातांची सालटं काढावीत आणि हळदीच्या दिवशी मात्र वाटीला बोट लावायचं नाही, कारण नवरा खाणीत मेला. असले नियम काढणाऱ्यांना एकदा सोड्याच्या कढईपाशी आठ तास उभं केलं पाहिजे. मोतीबाईला त्या दिवशी एकच काम मोकळं होतं, पाणी भरायचं. पाड्याची विहीर तळाला गेली होती, तेव्हा तिनं सकाळपासून डोहाच्या अकरा कळशा आणून पिंप भरलं होतं.

हळद जरा घट्ट होती. गोदू आत्यानं पिंपातलं तांब्याभर पाणी घेतलं, वाटीत ओतलं आणि बोटांनी कालवलं.

हळद लाल झाली. बघता बघता वाटीतलं सगळं पिवळं रक्तासारखं लाल झालं आणि गोदू आत्याची बोटंही. धवला मधेच थांबला. वेणू पाटावर तशीच बसून आईकडे बघू लागली.

साबणातल्या सोड्यानं हळदीचा डाग लाल होतो, हे घरोघर रोज धुण्याच्या दगडावर दिसतं. मांडवातल्या प्रत्येक बाईनं ते हजारदा पाहिलेलं होतं. पण तेच मांडवात झालं की देवी कोपली! एकीलाही धुण्याचा दगड आठवला नाही. गोदू आत्या वाटी लांब धरून ओरडली, "रांडवेचा हात लागलाय हलदीला! गावदेवीनं निशानी दाविली!"

"हलदीला हात नाय लावला मी," मोतीबाई म्हणाली. "पानी आनलाय निस्ता."

"त्याच पान्यान झाला!"

हे गोदू आत्या बरोबर बोलली होती, फक्त तिला ते कळलं नव्हतं. मोतीबाईला कळलं. ती वळली. पिंपाशी गेली, ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावलं आणि थुंकली. मग बोटं एकमेकांवर चोळून बघितली. ते बुळबुळीत पाणी तिच्या हातांच्या पाच वर्षांच्या ओळखीचं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. रुमालावरचा विश्वास तिथल्या तिथे गेलेला मला दिसला.

पुढं तिनं जे केलं ते रंगखान्यातल्या बाईला सुचण्यासारखं होतं आणि मांडवात करण्यासारखं नव्हतं. तिनं मेढीचं लिंबू ओढून काढलं, दातांनी फोडलं आणि त्या लाल वाटीत पिळलं. हळद पुन्हा पिवळी झाली.

तिला वाटलं, आता सगळ्यांना समजेल. समजलं ते भलतंच. विधवा बाई, दृष्टीचं लिंबू आणि रंग बदलणारी हळद! गोदू आत्या वाटी टाकून मागे सरली. "करनी! करनी करतंय ही!"

"करनी नाय, सोडा हाय!" मोतीबाई ओरडली. "कारखान्याचा सोडा हाय पान्यान! आमची पोरां रोज पितान तो." तिनं कारखान्यातल्या बायांकडे पाहिलं. त्या तेराजणी मांडवात होत्या, आणि तेराही जणी आपापल्या बांगड्या बघू लागल्या. गरीब बाया, त्यांना मी दोष देत नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमी लिवलेलं-वाचलेलं. सोड्याच्या गोनी तुमीच मोजतां. सांगा यांना."

मी म्हटलं, "मला बाई रसायनातलं काही कळत नाही."

बुधाजी इतका वेळ खाली बसून सांडलेली हळद बघत होता. तो उठला. "मोतीबाय," तो म्हणाला, "उद्या सकाली हलद आमची, लिंबू आमचा. कारखान्याचे हौदावं चल. तेच पान्यानं हलद लाल झाली त माझे पोराचा लगीन उद्याच लागंल. नाय झाली त आमी परत जातूं." मोतीबाईनं मान हलवली. पोरीचं लग्न आणि स्वतःचं पोट, दोन्ही एका हौदाला टांगलेली. आणि तो हौद मालकाचा.

गुरुवारी सकाळी मी रुमाल इस्त्री केला. तोच गुरुवार, आणि पाहुणे नेहमीपेक्षा मोठे. मुंबईच्या उद्योजकांच्या कुठल्याशा मंडळाचे सातजण आणि कॅम्पातला आमचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक, एक सिंधी शेठ. पाळणा हलला, तेलाची बाटली सर्वांना दाखवून झाली, मंडळी तिसऱ्या हौदाशी आली. साहेबांनी रुमाल बुडवला, पिळला, उलगडला. पांढरा. "मी सूत रंगवतो," त्यांनी सुरुवात केली, तेवढ्यात फाटकातून मोतीबाई, बुधाजी आणि गोदू आत्या आत आले.

साहेबांना वाटलं, अक्षता घेऊन आलेत. चेहरा असा फुलला! "या, या! आमच्या कुटुंबातलं आज लग्न आहे," ते पाहुण्यांना म्हणाले. पाहुण्यांना हे फारच आवडलं. एकानं कॅमेरा काढला.

बुधाजी कुणाकडे न बघता हौदाशी उकिडवा बसला. पळसाच्या द्रोणात घरची हळद होती. त्यानं तिच्यात हौदाचं पाणी ओंजळीनं घातलं आणि बोटांनी कालवली. लाल. कॅमेरावाला पुढे वाकला. "अरे वा, हे काय? काही विधी आहे का?"

"विधी नाय," मोतीबाई म्हणाली. "तुमचे पान्यान सोडा हाय. आमचे डोहान तोच येतो. रुमालाला कलत नाय, हलदीला कलतं."

साहेबांचं हसू तोंडावरच राहिलं, कारण काढायचं कसं ते त्यांना सुचेना. "हळद भेसळीची आहे," ते म्हणाले. "बाजारात हल्ली रंग मिसळतात हळदीत. मधुसूदन, तुम्ही सांगा यांना. पाणी शुद्ध आहे की नाही आपलं?"

मधुसूदन म्हणजे मी. काल मांडवात मला काही कळत नव्हतं, ते निदान अर्धं खोटं होतं. आज गोदू आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हो म्हटलं की करणी खरी ठरणार, संध्याकाळी मांडवातून वऱ्हाड परत जाणार आणि वेणूला जन्मभर 'लाल हळदीची' म्हणणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"हो साहेब," मी म्हणालो. "शुद्ध आहे. भेसळच असावी."

मोतीबाईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि लाल हळदीचा द्रोण उचलून हातात धरला. ती शिव्या देईल असं मला वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधाजीची हळद घरच्या वाफ्यातली, घरच्या जात्यावर दळलेली होती. त्याला माझ्या साक्षीची गरज नव्हती. त्यानं कनवटीच्या पुडीतली कोरडी हळद दोन बोटांवर घेतली आणि माझ्या हातातल्या तबकातला ओला रुमाल उचलून त्यालाच बोटं पुसली. पांढऱ्या रुमालावर दोन लाल पट्टे उठले. मग कमरेचं लिंबू काढून त्यावर पिळलं. पट्टे पिवळे झाले. त्यानं रुमाल घडी करून परत तबकात ठेवला आणि मला विचारलं, "भेसल लिंबान जातं काय, भाऊ?"

मंडळाचे सातही जण हवापाण्याबद्दल बोलू लागले. एकानं चहाची आठवण काढली. सिंधी शेठ तेवढा हौदाशी राहिला. तो वाकून चराकडे बघत होता, चर नदीला मिळतो तिकडे बघत होता. "साईं," तो साहेबांना म्हणाला, "ये नाला तो हमारी बैरक के पीछे से जाता है. मेरी माँ उसी पानी से नहाती है." आणि पुढं, "पानी ठीक होएगा तब माल भेजना."

बुधाजी उठला, धोतर झटकलं. "चला, विहीनबाय," तो मोतीबाईला म्हणाला. "पावनं येतीन, मांडवान कोन नाय." गोदू आत्या मागून निघाली. फाटकाशी तिनं मोतीबाईच्या हातातला तो द्रोण आपल्या हातात घेतला.

लग्न लागलं. मी गेलो नाही.

मोतीबाईला काढलं, पण 'काढलं' हा शब्द आमच्या आदर्श कारखान्यात चालत नव्हता. पत्र मीच लिहिलं. 'कन्येच्या विवाहानंतरच्या आपल्या कौटुंबिक जबाबदाऱ्या ध्यानी घेता आपणांस विश्रांतीची गरज आहे, असे व्यवस्थापनास प्रेमपूर्वक वाटते.' प्रेमपूर्वक हा शब्द साहेबांनी स्वतः घालायला लावला. ज्या बाईला वाचता येत नाही तिला एवढं सुबक पत्र.

आणि मग साहेबांचा विवेक जागा झाला. पंधरा दिवस शेठनं माल उचलला नाही, तेव्हा जागा झाला. चौथा हौद खणला गेला, आम्लाच्या काचेच्या बरण्या पेंढ्यात बसवून मुंबईहून आल्या, सोडा निम्म्यावर आला. पाणी खरोखर सुधारलं, हे मी नाकारत नाही. पावसाळ्यानंतर डोहात बारीक मासे दिसू लागले आणि पोरांच्या मांड्यांची खरूज गेली. साहेबांनी गुरुवारचा रुमाल बंद केला. आता मी चांदीच्या वाटीत हळद घेऊन उभा राहू लागलो. साहेब तिच्यात चौथ्या हौदाचं पाणी घालत, हळद पिवळी राही, टाळ्या पडत, चहा येई.

पंचावन्न सालच्या दिवाळीत कारखान्याची माहितीपुस्तिका निघाली. गुळगुळीत कागद, साहेबांचा फोटो, तेलाच्या बाटलीचाही फोटो. मजकूर माझा. पान सातवर मी लिहिलं होतं, 'पाण्याची शुद्धता पारखण्याची हळदीची कसोटी श्री. गुप्ते यांनी दीर्घ चिंतनातून स्वतः शोधून काढली आहे.' दीर्घ चिंतन हे माझंच. साहेब म्हणाले, "छान जमलंय." मलाही ते छान वाटलं, ही शरमेची गोष्ट आहे.

का कोण जाणे, मी त्यातली एक प्रत घेऊन मोतीबाईकडे गेलो. ती तेव्हा उल्हासनगरात एका बराकीत सिंधी बाईकडे पापड लाटत होती. हातांच्या भेगा भरून आल्या होत्या. मला पाहून तिनं ना या म्हटलं ना बसा. मी आपला सांगत सुटलो, चौथा हौद झाला, सोडा कमी केला, मासे आले.

"मासं आलं त मना ठावं हाय," ती म्हणाली. "माजे पाड्यावरच रातंय मी. हातान काय हाय?"

"पुस्तिका आहे. तुमच्या हळदीचं लिहिलंय."

"वाचा."

मला वाटलं होतं, ती नुसती चित्रं बघेल. पान सात मला मोठ्यानं वाचावं लागलं. शेजारच्या बायाही लाटणी थांबवून ऐकत होत्या. मी संपवलं तेव्हा मोतीबाईनं हातातला पापड पुरा लाटला, उन्हातल्या खाटेवर टाकला आणि माझ्याकडे वळली.

"यो कोनी लिवलंय?"

"मी."

"मंग माजं नाव लिवाला काय झालं? शाई सरली व्हती?"

मी म्हणालो, साहेबांनी सांगितलं तसं लिहिलं. ती पुन्हा लाटायला बसली. तिनं पुस्तिका परत दिली नाही, फाडलीही नाही. पुढच्या लाट्या सुकू नयेत म्हणून ती त्यांच्यावर उलटी झाकून ठेवली, साहेबांचा फोटो पिठात.

शाई सरली नव्हती. बाटली भरलेली होती. तिचं पूर्ण नाव मोतीबाई पांडू गायकर, आणि ती कसोटी तिची आहे.